घड्याळ काढा, चित्र राहू द्या

"मावशी, मी ढ आहे का गं?"

माझा भाचा आठ वर्षांचा. रविवारी वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला होता. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी जंगलाचं चित्र टाकलेलं, त्यात लपलेला बिबट्या शोधायचा. वर ठळक अक्षरांत ओळ : 'फक्त 1 टक्का हुशार लोकांनाच दिसेल. वेळ 7 सेकंद!' त्याच्या ताईला पटकन सापडला, ह्याला काही केल्या दिसेना. डोळे भरून आले होते पोराचे. त्या एका ओळीचा मला फार राग आला, अजून गेलेला नाही.

ही चित्रं मला लहानपणापासून आवडतात. आजोबा मासिकातलं पान माझ्यापुढे उलटं धरायचे आणि म्हणायचे, "फांद्या बघू नकोस, फांद्यांमधली मोकळी जागा बघ." मग दोन डहाळ्यांच्या मधल्या आभाळाचा अचानक ससा व्हायचा, कानासकट. एकदा दिसला की पुन्हा न दिसणं अशक्य. अर्धा अर्धा तास आम्ही एका पानावर घालवायचो. घड्याळाकडे कुणी बघत नसे.

आणि लपलेलं दिसण्याचा हुशारीशी संबंध लावणं तर साफ चूक आहे. बदक आणि ससा दोन्ही दिसणारं ते प्रसिद्ध चित्र 1892 मध्ये एका जर्मन मासिकात छापून आलं होतं. पुढे झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात ते लोकांना दाखवून पाहिलं. ईस्टरला बहुतेकांना ससा दिसला, ऑक्टोबरात बहुतेकांना पक्षी. तिकडे ससा हे ईस्टरच्या सणाचं चिन्ह, घराघरांत दिसणारं, म्हणून. म्हणजे मनात जे असतं ते डोळ्यांना आधी सापडतं. 2013 साली अमेरिकेत 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे स्कॅन दिले, त्यात गाठी शोधायच्या होत्या. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलंच नाही! त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडली होती, तरीही. ह्या डॉक्टरांना ढ म्हणायचं का?

म्हणून हात जोडून सांगते, चित्र जरूर पाठवा, पण वरची ती ओळ कापून पाठवा.

त्या दिवशी मी फोन बाजूला ठेवला आणि भाच्याला घेऊन काळाघोड्याजवळच्या विश्वामित्री नदीच्या पुलावर गेले. थंडीतलं दहा-साडेदहाचं ऊन होतं. मगरी अंग शेकायला काठावर येतात ती हीच वेळ. वडोदऱ्यात ह्यात नवल नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या थेट सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. पण शांतपणे पडलेली मगर शोधून बघा एकदा. वाळलेल्या चिखलाचाच रंग, पाठीवरचे खवले सालीसारखे. पाण्यात असली तर वर फक्त नाकपुड्या आणि डोळे.

"कुठाय?" त्याने चार वेळा विचारलं. मी काही दाखवलं नाही. शेजारी चणे विकणारे काका उभे होते, तेही गप्प. पाचेक मिनिटं गेली असतील. मग त्यानेच बोट केलं, "ते लाकूड पाण्याच्या दिशेने निमुळतं का झालंय?"

काका हसले. "ए लाकडुं नथी, बेटा."

लाकडाने तोंड उघडलं. पोराने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. उन्हात मगर अशी जबडा उघडून पडते, डोकं फार तापू नये म्हणून, हे मी त्याला सांगत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो पुलाच्या कठड्याला चिकटून पलीकडच्या काठावरची उरलेली लाकडं एकेक करून बघत होता.