‘अंगठी म्हणजे जाहिरातवाल्यांचं अपत्य’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

साखरपुड्याच्या अंगठीचे घाट कसे बदलत गेले या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलंच तिखट लिहिलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हिऱ्याची अंगठी हे १९४७ च्या एका जाहिरातीचं अपत्य आहे, तिला रोमन काळापर्यंत नेऊन भिडवणं म्हणजे सराफांची तळी उचलणं, १४७७ ची ‘पहिली हिऱ्याची अंगठी’ ही रचलेली गोष्ट, आणि ‘जुनी अंगठी पाण्यात घालू नका’ हा उगाच केलेला बाऊ, कारण तुमच्या सराफाने तर कोमट साबणाचं पाणीच सांगितलंय.

१४७७ च्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बरगंडीच्या मेरीला १४७७ मध्ये हिऱ्याची अंगठी दिली, ही गोष्ट रचलेली नाही. पण ती ‘पहिली’ नव्हती. इटलीत पेझारोच्या कोस्तांझो स्फोर्झाचं लग्न १४७५ मध्ये झालं, त्यातही हिऱ्याची अंगठी होती. ‘पहिली’ हा शब्द लेखातून काढला आहे. रोमन अंगठीबद्दल मात्र मागे हटत नाही. वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवतात, असं रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. त्यात हिरा नाही आणि सराफाचा फायदाही नाही.

आता जाहिरात. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने १९३८ मध्ये एन. डब्ल्यू. एयर ही जाहिरात कंपनी नेमली आणि १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी यांनी ‘हिरा म्हणजे कायमचा’ या अर्थाची ती ओळ लिहिली. मागणी त्यामुळे वाढली, याबद्दल वाद नाही. आपल्याकडेही वाङ्निश्चयात मुळात महत्त्व शब्दाला आणि साखरेच्या पुड्याला; अंगठी नंतर आली, हेही कबूल. पण तुम्ही मागणी आणि घाट यांची गल्लत करताय. त्या जाहिरातींनी घरोघर पोचवलेला एकट्या हिऱ्याचा, सहा नख्यांचा (खडा वर धरून ठेवणाऱ्या धातूच्या सहा आकड्यांचा) घाट टिफनी या अमेरिकन सराफी पेढीने १८८६ मध्येच बाजारात आणला होता. म्हणजे जाहिरातीच्या ६१ वर्षं आधी.

तो त्याआधी का आला नाही, याचं उत्तर खड्याच्या पाठीमागे आहे. पंधराव्या शतकात युरोपात पोचणारा हिरा बहुतेक भारतातूनच जायचा. त्याचा नैसर्गिक आकार म्हणजे तळाला तळ लावलेले दोन पिरॅमिड. सुरुवातीला त्या नैसर्गिक बाजू नुसत्या उजळून टोक वर ठेवत आणि भोवती सोन्याची उंच पेटी करत. पुढे वरचं टोक घासून सपाट करू लागले. पण अशा खड्यात शिरलेला बराचसा प्रकाश खालून निसटून जातो, वर परत येत नाही. त्या काळच्या युरोपीय व्यक्तिचित्रांतले हिरे नीट पाहा, कित्येक ठिकाणी ते चक्क काळे रंगवलेत. चित्रकाराची त्यात चूक नाही, त्याला दिसलं तेच त्याने काढलं.

यावर सोनारांचा तोडगा म्हणजे खड्यामागे चकचकीत फॉइल (धातूचा पातळ पापुद्रा) ठेवायचं आणि पाठ धातूने बंद करून टाकायची. अठराव्या शतकातल्या बहुतेक खड्यांच्या अंगठ्या अशाच. पैलू पाडण्याची कला सुधारत गेली तशी फॉइलची गरज संपली, आणि एकोणिसाव्या शतकात पाठ उघडली. (प्रकाश वर परत यावा म्हणून खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश हवा, हा हिशेब मार्सेल तोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये मांडला. कारागीर त्याच्या आसपास आधीच पोचले होते.) १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेतून मोठे खडे मुबलक येऊ लागले, आणि मग हिऱ्याला धातूच्या पेटीतून उचलून नख्यांवर उभं करणं परवडू लागलं.

प्लॅटिनमचंही तसंच. त्याआधी हिरा चांदीत बसवत, कारण सोन्याची पिवळी झाक पांढऱ्या खड्यात उतरते. पण चांदी मऊ, म्हणून जाड ठेवावी लागते, आणि काळी पडते. बोटाला डाग नकोत म्हणून मागे सोन्याचा थर. प्लॅटिनम ताकदवान, पण वितळतं १,७६८ अंश सेल्सिअसला, साध्या फुंकणीच्या ज्योतीला ते दाद देत नाही. ऑक्सिजनच्या ज्योती वापरात आल्यावर १९०० च्या सुमारास जाळीदार, लेससारख्या अंगठ्या दिसू लागल्या.

तुमचं म्हणणं जिथे खरोखर लागू पडतं ते उदाहरण तुम्ही दिलंच नाहीत, म्हणून मीच देतो. सायबेरियातून सोव्हिएत हिरे येऊ लागले ते आकाराने लहान होते. ते खपवण्यासाठी डी बिअर्सने १९६० च्या दशकात पूर्ण वेढ्याला बारीक हिरे असलेली ‘इटर्निटी’ अंगठी विवाहित स्त्रियांसाठी पुढे रेटली. घाट जुना, पण लोकप्रिय झाला तो जाहिरातीने. तिची एक अडचण कुणी आधी सांगत नाही: वेढ्यात कापायला रिकामी जागाच नसते, त्यामुळे साइज बदलता येत नाही.

राहिलं पाणी. अंगठी उलटी धरा. खड्यामागे भोक असेल, तिथून उजेड दिसत असेल, तर कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं. साय, क्रीम, कणीक सगळं त्या भोकातूनच खड्याला चिकटतं. पाठ पत्र्याने बंद असेल तर पाणी कडेच्या फटीतून आत जातं आणि परत बाहेर येत नाही. फॉइल काळवंडतं, खडा एका बाजूने राखाडी दिसू लागतो, आणि कोंदण उघडल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही. आपल्या कुंदनकामातही खड्यामागे असाच वर्ख असतो, तो दागिनाही कुणी पाण्यात बुडवत नाही. अशी अंगठी कोरड्या मऊ ब्रशनेच झटकायची. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणारं) यंत्र नको, वाफ नको, आणि साइज बदलताना ज्योत खड्याजवळ जायला नको.

जुन्या हिऱ्यात वरून पाहिलं की मधोमध एक बारीक टिकली दिसते. ते भोक नव्हे, तळाचं टोक मुद्दाम सपाट केलेलं असतं. त्यावरून खडा ‘फुटका’ ठरवून भाव पाडू पाहणारे भेटतील.

तेव्हा तुमच्या अंगठीची पाठ बंद आहे की उघडी, तेवढं पाहून कळवा. उघडी असेल तर तुमचा सराफ बरोबर आहे.