पगाराचं सोडून बोला

पगाराची तारीख उलटून तीन आठवडे झाले आणि एचआरची मेल आली. पगाराची नव्हे. 'अनिश्चिततेशी मैत्री' या विषयावर ऑनलाइन सत्र, हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू ठेवावा. सत्रात दीर्घ श्वसन शिकवलं. आपण एक कुटुंब आहोत, हेही पुन्हा सांगितलं. वेळेअभावी तिथे राहून गेलेल्या काही सूचना विमान कंपन्यांतल्या समस्त कुटुंबीयांसाठी इथे देतो.

सर्वप्रथम, लक्षणांकडे बघायचं नाही. तेल कंपनीनं उधारी बंद करून 'आधी पैसे, मग इंधन' सुरू केलं, तर ती तिची अडचण. उभ्या विमानाचा पंप काढून उडत्या विमानाला लावणं, म्हणजे रॉबरी, रोजची झाली, तर ती काटकसर. विमानं भाड्यानं देणाऱ्यांनी ती परत नेण्यासाठी नोंदणी रद्द करायला डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, अर्ज टाकले, तर तो गैरसमज. परिपत्रकात 'तात्पुरती' हा शब्द आहे ना, मग झालं. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला तात्पुरतीच थांबली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायला, काढण्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला. गो फर्स्टची उड्डाणं मे २०२३ मध्ये थांबली, तीही काही दिवसांपुरती. तेव्हा धीर धरा.

नोटीस पीरियड मनापासून पाळा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला सोडून जायचं तर एक वर्ष आधी कळवायचं, को-पायलटला सहा महिने. कंपनीला बंद पडायचं तर एक रात्र पुरते.

एचआरनं बोलावून 'स्वेच्छेनं राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील' म्हटलं की लगेच सही करा. कपात कंपनीनं केली तर कामगाराला नोटीस पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तुमच्या एका सहीनं कुटुंबाचा तेवढा खर्च वाचतो.

मेडिक्लेमची काळजी नको, आजारी पडू नका. (आईवडिलांची नावं त्या गट पॉलिसीत असतील तर ती चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करायचा असतो. पण तुम्हाला कशाला घाई?)

लॉगबुक सावकाश भरा. इंजिनीअरला लायसन्सवर सही करण्याचा अधिकार टिकवायला मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचं काम दाखवावं लागतं, आणि त्या कामाची खातरजमा करून देणारा क्वालिटी मॅनेजर तुमच्याआधी दुसरीकडे रुजू होणार. पायलट मंडळींनीही ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगचा हिशेब विसरून जावा. तो चुकला की सिम्युलेटरवरच्या सरावाचा खर्च कोणाचा, हे मुलाखतीला गेल्यावर आपोआप कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅलरी स्लिप डाउनलोड करू नका. पोर्टलवर आहेतच की! पोर्टल चालवणाऱ्या कंपनीचं बिल थकलं की ते एका दुपारी बंद होतं, हा भाग वेगळा. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. यूएएनचं (पीएफ खात्याच्या नंबराचं) पासबुक उघडून बघा, शेवटची नोंद कधीची आहे? स्लिपवर टीडीएसही कापलेला दिसतो. २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडा, रकाना रिकामा. रिटर्न भरताना तो कर तुम्ही भरलेला धरता आणि आयकर खात्याचा संगणक धरत नाही. व्याजासकट मागणी तुमच्या नावावर निघते. पगारातून कापला गेलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं आयकर कायदाच सांगतो. पण ते अधिकाऱ्यासमोर सिद्ध करायचं तर लागतात स्लिपा, आणि जमा रक्कम दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट. स्लिपा कुठे? पोर्टलवर! त्यात आणखी गंमत म्हणजे पगार हातात पडो न पडो, तो देय झाला की करपात्र उत्पन्नात धरला जातो. म्हणजे जो मिळाला नाही त्यावरही कर, आणि जो कापला तो सरकारात पोचलाच नाही. कोणाच्या खिशात राहिला तो? पीएफ कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. तो करणारी माणसं सत्रात आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होती!

असो. दीर्घ श्वास.

पीएफ काढायला गेलात तर 'एक्झिटची तारीख नाही' म्हणून अर्ज अडेल. कंपनी ती भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती स्वतः भरता येते, आधारच्या ओटीपीनं. आधारला कंपनीचं सिमकार्ड जोडून ठेवलं असेल तर तेही परत करून मोकळे झाला असालच.

तक्रारीची घाई तर मुळीच नको. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून थकलेल्या पगारासाठी केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जावं लागतं. राज्याच्या कार्यालयात महिनाभर खेटे घाला, तोवर कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, जाईल. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की मोरॅटोरियम, म्हणजे वसुलीला स्थगिती, लागतो आणि वसुलीचे सगळे दावे थंड. मग उरतो फॉर्म डी, थकलेल्या पैशांसाठी कर्मचाऱ्यानं भरायचा दावा. जाहीर सूचनेत शेवटची तारीख असते, साधारण चौदा दिवसांची. उशिरा आलेला दावा ठरावीक काळापर्यंत घेतात, पण तोही काळ संपतो. दाव्यात थकलेला पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी हे वेगवेगळं लिहायचं आणि पुरावा जोडायचा. 'दावा मान्य' असं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही.

लिक्विडेशनमध्ये कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं देणं तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं बसतं, बाकी कर्मचाऱ्यांचं १२ महिन्यांचं त्यांच्या खाली. आणि हे महिने मागे मोजायचे ते लिक्विडेशनच्या तारखेपासून. २०१९ मध्ये बंद पडलेल्या कंपनीचं लिक्विडेशन २०२४ मध्ये, आता मोजा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे या मालमत्तेत धरायचे नसतात, एवढाच काय तो दिलासा, तोही फंडात पैसे असतील तर.

आता उपरोध पुरे. विमान भाड्यानं देणाऱ्यानं अर्ज केला की कागद पूर्ण असल्यास डीजीसीएनं पाच कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची, असा नियम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं अधिसूचना काढून विमानांना मोरॅटोरियममधून बाहेर काढलं, २०२५ मध्ये वेगळा कायदाही केला. विमानं परत मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेतन संहितेतही लिहिलंय की काढलेल्या माणसाचा, कंपनी बंद पडल्यामुळे बेकार झालेल्याचाही, पगार दोन कामाच्या दिवसांत द्या. या दोन दिवसांसाठी कोणाची धावपळ झालेली दिसली का? मालक म्हणवणाऱ्यांनो, इंजिनं बिघडली, इंधन महागलं, रुपया पडला, सगळं मान्य. पण पगार देता येणार नसेल तर माणसांना कामावर बोलावू नका. तीन महिने फुकट राबवून चौथ्या महिन्यात त्यांच्याकडे ट्रेनिंगचा बाँड मागायला लाज वाटत नाही?

आणि तुम्ही! कंपनीच्या ग्रुपवर अजून हात जोडलेल्या इमोजी टाकताय. पगार मागणाऱ्या सहकाऱ्याला 'वातावरण बिघडवू नकोस' म्हणताय. एकट्यादुकट्याच्या मेलला कोणी उत्तर देत नाही हे इतक्या कंपन्या बुडाल्यावरही कळत नाही? कामगार आणि कर्मचाऱ्यांचा एकत्र दावा प्रतिनिधीमार्फत लावायला फॉर्म ई आहे, त्यासाठी आधी यादी लागते आणि यादीसाठी एकमेकांशी बोलावं लागतं. आज रात्री पोर्टल चालू असेल. स्लिपा, नेमणुकीचं पत्र, रजेचा हिशेब, फॉर्म १६ सगळं उतरवून स्वतःच्या मेलवर पाठवा. कंपनीच्या मेलवर नाही, स्वतःच्या!