"ट्रकला नायलॉनच टाका" वाला मेसेज: थोडं खरं, बरंच खोटं

गाडीवाल्यांच्या ग्रुपांत एक मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे ट्रकचे टायर बदलायचे तर डोळे झाकून नायलॉन (नायलॉनच्या धाग्यांचे तिरपे थर असलेला) घ्या, रेडियलची (स्टीलच्या तारांचा टायर) साइड म्हणजे पापड, त्यात प्लाय म्हणजे आतले थर कमी, तो रिमोल्ड होत नाही (म्हणजे घासल्यावर वर नवं रबर चढवता येत नाही), आणि लांबच्या रूटला हवा दहा-पंधरा पॉइंट (पीएसआय) कमीच ठेवा म्हणजे उन्हात फुटत नाही. खाली नेहमीचं, "दहा जणांना पाठवा".

आधी जे खरं आहे ते मान्य करू. रेडियलची साइड नाजूक असते, धारदार दगडाने पटकन कापली जाते, आणि साइड गेली की टायर गेला. नायलॉनच्या साइडला एकमेकांवर तिरपे टाकलेले बरेच थर असतात, ती मार खाते. म्हणून क्रशर, खडीची खाण, वणी-चंद्रपूरकडची कोळशाची कच्ची वाट, उसाच्या फडातून भरलेली गाडी बाहेर काढायची असेल, तर नायलॉनच टाका, तेही लग पॅटर्नमध्ये (जाड, खोल गठ्ठ्यांच्या नक्षीचा), याबद्दल माझं काही भांडण नाही.

पण "डोळे झाकून" कशाला? समजा नायलॉन १८ हजाराचा आणि ५० हजार किमी चालला, रेडियल २३ हजाराचा आणि ८० हजार चालला, तर किलोमीटरला ३६ पैसे विरुद्ध २९ पैसे, वर रेडियल पळताना गाडीला कमी अडवतो म्हणून डिझेल वाचतं ते वेगळं. आता तोच रेडियल खाणीत २० हजारावर कापला तर किलोमीटरला १ रुपया १५ पैसे पडला. म्हणजे टायर दुकानात ठरत नाही भाऊ, रूटवर ठरतो.

प्लायचं तर मला हसूच येतं. टायरवर १६ पीआर (प्लाय रेटिंग) लिहिलं म्हणजे आत सोळा थर आहेत असं नाही, ते फक्त ताकदीचं रेटिंग आहे, रेडियल ट्रक टायरमध्ये बॉडीला स्टीलच्या तारेचा एकच थर असतो आणि वर ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या रबराखाली, स्टीलचे पट्टे. थर मोजण्यापेक्षा त्याच्या शेजारचा आकडा वाचा. हजार-वीस (१०.००-२०) साइजच्या रेडियलवर १४६/१४३ के असेल तर सिंगल लावला तर ३००० किलो, जोडीत (शेजारी शेजारी दोन) २७२५ किलो, आणि के म्हणजे ताशी ११० किमीपर्यंत. २०१८ मध्ये सरकारने दहा चाकीच्या मागच्या दोन एक्सलचं पासिंग (परवानगीचं वजन) १९ वरून २१ टन केलं, ते आठ टायरांत वाटलं तर एकेकावर २६२५ किलो येतात, म्हणजे कायद्यात राहून भरली तरी टायरमागे हातात फक्त शंभर किलो उरतात. त्यात वर दोन-तीन टन जास्त टाकायचे आणि टायर फुटला की कंपनीला शिव्या द्यायच्या!

हवेचा सल्ला मात्र सगळ्यात वाईट. पळताना टायर गरम होतो, हवा वाढते, बरोबर, पण ती वाढ धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. हवा कमी असली की साइड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त दबली की आतून जास्त तापते, आणि समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रोडवर मे महिन्यात न थांबता तासन्‌तास गाडी पळवली की ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेचाच टायर. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, गेज लावून बघा, लोखंडी टॉमी मारून आवाजावर नको. आणि गरम टायरची वाढलेली हवा ढाब्यावर काढू नका, टायर थंड झाला की हवा कमीच निघणार.

रिमोल्डबद्दल तर साफ खोटं. रेडियल रिमोल्ड होतो, आणि कॅसिंग (टायरचा आतला सांगाडा) चांगलं असेल तर मस्त चालतो. होत नाही असं वाटतं कारण आपण तार दिसेपर्यंत गोटा (पार गुळगुळीत) करून चालवतो, मग पाणी आत शिरतं, तार गंजते, आणि असं कॅसिंग रिमोल्डवाला परत पाठवतो, यात त्याचं काय चुकलं? नाळीतल्या वेअर इंडिकेटरच्या खुणांपर्यंत (नाळीच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे) रबर यायच्या आधीच काढा. रिमोल्ड मागे टाका, पुढच्या एक्सलला नको, पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

मेसेजमध्ये नसलेलं एक सांगतो, कारण गडबड इथेच होते. पैसे कमी म्हणून जोडीतला एकच टायर नवा टाकतात, दुसरा अर्धा घासलेला, किंवा एक नायलॉन एक रेडियल. उंच किंवा कडक असलेला सगळा भार उचलतो, दुसरा नुसता घासत फिरतो, आणि दोन्ही लवकर जातात. एकच बदलायचा असेल तर त्याच जातीचा, साधारण तेवढाच घासलेला टायर स्टेपनीतून शोधा, नवा स्टेपनीला ठेवा. आणि नवा म्हणून घेताना साइडवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल ताज्याच्या भावात देणारे आहेत, विचारलं की लगेच डिस्काउंट निघतो.