जँगो अॅडमिन म्हणजे तयार इंटरफेस नव्हे

जँगो ही पायथॉन भाषेत वेबसाइट बनवण्याची चौकट (फ्रेमवर्क) आहे, आणि डेटाबेसमधली माहिती पाहण्या-बदलण्यासाठी तिच्यासोबत आयती मिळणारी पानं म्हणजे तिचं अॅडमिन. ‘जँगोचं अॅडमिन असताना डेटाबेससाठी वेगळा इंटरफेस बनवायची गरजच नाही,’ असा सल्ला सध्या सर्रास दिला जातोय. तो अर्धाच खरा आहे, आणि नवशिके त्यात हमखास अडकतात.

मॉडेलवरून, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याचं कोडमध्ये केलेल्या वर्णनावरून, फॉर्म, याद्या, शोध हे सगळं अॅडमिन चुटकीसरशी उभं करतं, यात शंका नाही. पण ते संस्थेच्या आतल्या विश्वासू माणसांसाठी आहे. सगळा दर्शनी भाग त्यावर उभारू नका, असं जँगोचं अधिकृत दस्तऐवजीकरणच सांगतं.

एक उदाहरण घ्या. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ग्राहक ही फॉरेन की आहे, म्हणजे ग्राहकांच्या वेगळ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड. अॅडमिन तिथे ड्रॉपडाउन देतं आणि त्यात ग्राहकांची झाडून सगळी नावं भरतं. ग्राहक 40 असले तर ठीक; 40,000 झाले की पानच उघडेना. 2017 मधल्या 2.0 आवृत्तीपासून यावर ‘ऑटोकम्प्लीट फील्ड्स’चा (टाइप कराल तशी जुळणारी नावं सुचवण्याचा) उपाय आहे, मात्र त्यासाठी ग्राहकाच्या अॅडमिनमध्ये ‘सर्च फील्ड्स’, म्हणजे कोणत्या फील्डमध्ये शोधायचं ते, ठरवावी लागतात. हे कुणी सांगतच नाही!

विभाग निवडताच त्यातलेच कर्मचारी दिसावेत, असं काही अॅडमिनमध्ये हवं असेल तर सहसा जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) लिहावी लागते. म्हणून साधन निवडण्याआधी स्क्रीन कोण वापरणार आणि कोणतं फील्ड कशामुळे बदलणार, हे कागदावर मांडा.