कासवाला डागाचा पत्ता

फरशी पुसणारा रोबो वऱ्हाडातल्या घरात आला की आठवड्याच्या आत त्याचं बारसं होतं, आणि नाव ठरलेलंच असतं: कासव. पाठ तशीच, चाल तशीच, आणि महादेवाच्या देवळातल्या कासवासारखा अर्धा दिवस एकाच जागी बसून. याला 'सगळं घर पूस' म्हटलं की तो सगळं घर सारखंच पुसतो. ज्या खोलीत वर्षभर कोणी पाय ठेवत नाही तिथेही तेवढंच पाणी, आणि बाजेखाली वाळलेल्या खर्ऱ्याच्या पिचकारीवरही तेवढाच ओला हात. परिणामी खोली चकचकीत आणि पिचकारी जागच्या जागी, फक्त जरा ताजी दिसते.

म्हणून माझं मत असं की खेड्यात याला घर पुसायला सांगूच नये, डागाचा पत्ता द्यावा. आमच्याकडे घाण इकडेतिकडे भटकत नाही, तिचे मुक्काम ठरलेले आहेत. ओसरीतून आत येतानाची पहिली तीन पावलं, हात धुवायच्या मोरीपुढची ओल, चुलीपुढची तेलकट पट्टी, आणि म्हातारबांची बाज.

पत्ता द्यायचा तर आधी नकाशा हवा. पहिल्या दिवशी पोछ्याचं कापड काढून त्याला नुसतं घरभर फिरू द्या. बाजा भिंतीला उभ्या टेका, पोट्टे बाहेर हाकला. डोक्यावरचा लेझर जे समोर दिसेल त्याला भिंत नाहीतर खांब समजतो, आणि 'हे कासव काहून भिंतीले टकरा देऊन रायलं?' हे पाहायला कोणी मधोमध उभं राहिलं की नकाशात तिथे दोन बारीक खांब उमटतात. मोबाईल खोल्यांना आपल्या मनानं 'लिव्हिंग रूम' न् 'डायनिंग' अशी नावं देतो. ती बदलून ओसरी, माजघर करा, नाहीतर घरात कोणालाच काही सापडत नाही.

मग मोबाईलवरच्या नकाशात डागाभोवती बोटानं चौकोन ओढायचा. डागाएवढाच ओढू नका, चारही बाजूंनी वीतभर जास्त घ्या. पोछा यंत्राच्या मागच्या अंगाला असतो, त्यामुळे वळताना कडेची पट्टी कोरडी राहते. चौकोनापुरतं पाणी वाढवा, फेऱ्या दोन करा, आणि 'डीप' असा मार्ग असेल तर तो निवडा. डीप म्हणजे जोर वाढतो असा गैरसमज आहे. बहुतेक यंत्रांत त्याचा अर्थ एवढाच की रेघा जवळजवळ आणि चाल हळू. दुसरी फेरी पहिलीला आडवी झाली तर उत्तम, वखराच्या आडव्या पाळीसारखी. वायफाय रुसलं असेल तर यंत्र उचलून डागावर ठेवा आणि स्पॉटचं बटण दाबा, साधारण दीड मीटरचा चौकोन ते पुसून देतं.

आता खरा वैरी: काळी माती. जुलैत वावरातून आलेल्या पायाची माती ओली असताना चुकूनही कासव सोडू नये. ही माती इतकी बारीक आणि चिकट की कापडाला लागली की पुढच्या दहा हातांवर तिचा पातळ थर बसतो. शेणानं सारवल्यासारखी फरशी दिसते, फक्त शेणाचा मान नसतो. वाळू द्या, ढेकळं झाडूनं काढा, मग त्या चौकोनात पाणी बंद ठेवून कासवाला नुसती धूळ ओढू द्या, आणि त्यानंतर पोछा. तोही पाणी मध्यम ठेवून, आणि दर दहा मिनिटांनी कापड धुवायला डॉकवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या ठाण्यावर, परत येईल असं लावून. महागड्या यंत्रांत एक हुशारी असते. कापड धुतलेल्या पाण्यातून उजेड पाठवून ते पाणी किती गढूळ आहे ते पाहतात, आणि गढूळ असेल तर त्याच जागी पुन्हा पुसायला जातात. ही युक्ती ज्यानं काढली त्यानं काळी माती पाहिलेली नसावी. आमच्याकडे पाणी कधी निवळतच नाही. कासव जातं, येतं, जातं, येतं, आणि बॅटरी संपवून चौकोनाच्या मधोमध बसतं. पावसाळ्यात ही हुशारी बंदच ठेवा.

चुलीपुढच्या पट्टीचं वेगळं. तर्रीचं तेल थंड पाण्याच्या कापडानं निघत नाही, पसरतं. आधी भांड्याच्या साबणाचे दोन थेंब हातानं चोळा, पुसून घ्या, मग कासव. टाकीत साबण किंवा फिनाईल ओतू नका, फेस होतो आणि बारीक नळ्या तुंबतात. हळदीच्या डागावर साबण लावला आणि तो लालभडक झाला तर घाबरू नका. साबणाचा क्षार लागला की हळद लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर.

पाण्याचाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी टाकीत भरलं की फरशीवर पांढरे ओघळ उमटतात आणि पाण्याची छिद्रं बुजतात. काटकसरी घरांत आरओचं फेकायचं पाणी पोछ्याला ठेवतात. हातानं पुसायला चालेल, कासवाला नको, कारण सगळा खार त्याच पाण्यात उतरलेला असतो. प्यायच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी दोन-तीन चौकोनांना पुरतं. यंत्राला फिल्टरचं आणि माणसाला बोअरचं, असं घरात ऐकावं लागतं, ते ऐकावं.

उंबरठ्याबद्दल फार बोलत नाही. बहुतेक कासवं दोनेक सेंटीमीटर चढतात, आपला उंबरठा वीतभर. उचलून न्यावं लागतं. पलीकडच्या बाजूचा वेगळा नकाशा साठवा आणि दर वेळी एकाच जागी ठेवून सुरू करा. उंबरठ्यापुढच्या रांगोळीवर मात्र बंदीचा चौकोन टाका, नाहीतर सकाळी घरभर पांढरी चिखलणी. काळ्या फरशीची पट्टी असेल तर कासव तिच्यापाशी विहिरीच्या काठावर आल्यासारखं मागे सरतं. पोटाखालचे सेन्सर फरशीवरून परतणारा उजेड मोजतात, काळ्या रंगातून तो परतत नाही, म्हणून त्याला तिथे खड्डा वाटतो. सेन्सरवर कागद चिकटवायचा सल्ला देणारे भेटतील. ओसरीला पायऱ्या असतील तर त्यांचं ऐकू नका.

लाईन गेली की डॉक मुका होतो, त्याचा इशारा मिळत नाही आणि कासवाला घर सापडत नाही. ओलं कापड तेव्हाच काढून वाळत घाला, दुसऱ्या दिवशी जो वास येतो तो कोणत्याही चौकोनात मावत नाही.

दिवाळीनंतर घरात कापसाचा ढीग लागतो, तेव्हा त्या खोलीचे नियम बदलतात. सुटी रुई ओल्या कापडात गुंतली की तिचा नमदा होतो, आणि चाकाच्या आसात गेली की कात्रीशिवाय निघत नाही. ढिगाभोवती हातभर बंदीची हद्द ठेवा. कापूस गाडीत भरला की तीच जागा सगळ्यात घाण: रुई, सरकी, उंदराच्या लेंड्या. आधी झाडू, मग तिथे तीन फेऱ्यांचा चौकोन. तोवर नकाशात कासव त्या ढिगाला पक्की भिंत म्हणून दाखवतं, आणि यंदाचा भाव पाहता त्याचं काही चुकतंय असं म्हणवत नाही.