शाम्पूचे वेगळे, मसाजचे वेगळे

कालपासून डोक्यात जातंय म्हणून लिहितोय. केस कापायला गेलो, बिल आलं ६००. कटिंग २५०, शाम्पू १५०, हेड मसाज २००. मसाज मी मागितलाच नव्हता हो! डोकं धुताना त्या पोराने बोटं जरा जास्त फिरवली इतकंच, आणि मान बेसिनच्या खाचेत अशी अडकलेली की नको म्हणायचीही सोय नाही.

म्हटलं, "अरे, शाम्पू म्हणजेच मसाज, एकाच कामाचे दोनदा पैसे?" पोरगा बघतच राहिला. मग काय, सुटलोच मी. शाम्पू हा शब्द इंग्रजीत हिंदीतल्या चाँपोवरून गेलाय, चाँपो म्हणजे दाब, चेप. पाटण्याच्या शेख दीन महंमदने १८१० साली लंडनमध्ये हॉटेल काढलं, दोन वर्षांत दिवाळं वाजलं, मग ब्रायटनला जाऊन गोऱ्यांना वाफ देऊन रगडायला लागला आणि थेट चौथ्या जॉर्ज राजाचा शाम्पूइंग सर्जन झाला. तेव्हा शाम्पू म्हणजे अंग रगडणं, केसांचा संबंधच नाही, तो अर्थ १८६०च्या आसपास चिकटला.

"चूक," शेजारच्या खुर्चीतून आवाज. डोक्यावर डाय, कपाळावर काळे ओघळ, वर प्लॅस्टिकची टोपी घातलेले एक काका. "शाम्पू शाम्पेनवरून आलाय. फ्रेंच आहे. फेस बघा ना दोघांना."

"काका, तसं नाहीये..."

"आमचे जावई फ्रान्सला होते."

"किती वर्षं?"

"आठ दिवस. कंपनीने पाठवलेलं."

यावर बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या दोघांनी चक्क माना डोलावल्या. कष्ट करून दीन महंमदने राजा पटवला, पण आमच्या गल्लीत जावयापुढे त्याचं काही चाललं नाही. मी म्हटलं मग शाम्पेनचेच पैसे लाव बाबा, तर कोणी हसलंसुद्धा नाही.

"सर, सिस्टिममध्ये दोन वेगळे आयटम आहेत," पोरगा.

लहानपणी आमचा न्हावी कटिंग झाली की टाळूवर चार चापट्या मारायचा, मान कडाकड मोडायचा, ते सगळं धरूनच पैसे. आता चापटी मोजून मारतात आणि वर जीएसटी आत धरलाय की बाहेर तेही सांगत नाहीत.

दिले ६००. मागून काकांचं बिल झालं. केस काळेभोर करून घेतलेल्या त्या माणसाला सीनियर सिटिझन म्हणून दहा टक्के सूट मिळाली.