‘खुर्चीत बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

केशवसुतांच्या नव्या चरित्रावरच्या माझ्या परीक्षणाला तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लेखकाने सहा वर्षं खपून, पदरचे पैसे घालून पुस्तक काढलं आणि मी त्यातल्या चुका तेवढ्या वेचल्या, सुनीतांवरच्या (चौदा ओळींच्या कवितांवरच्या) दोन प्रकरणांबद्दल चकार शब्द काढला नाही, नामसूची असताना नाही म्हटलं. आणि शेवटी हे : “मॅडम, खुर्चीत बसून दुसऱ्याच्या कष्टांवर लाल रेघा मारायला अक्कल लागत नाही.”

नामसूचीचं तुमचं बरोबर. शेवटच्या चार पानांत आहे, माझ्या नजरेतून सुटली. दुरुस्ती केली आहे.

आता खुर्ची. बावीस वर्षं मी ग्रंथालयात नोकरी केली. त्यात खुर्चीपेक्षा शिडीवरच जास्त वेळ गेला. पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तकं एकेक पान उलगडून पंख्याखाली वाळवली आहेत. हे परीक्षण लिहिण्याआधी भर जुलैत एसटीने मालगुंडला गेले, केशवसुतांच्या घराच्या पडवीत ओल्या साडीने बसून टिपणं काढली. जन्मतारखेचाच घोळ बघा. कुठे १५ मार्च १८६६ आहे, कुठे ७ ऑक्टोबर. चरित्रकाराने एक उचलली आणि दुसरी आहे हे वाचकाला कळूही दिलं नाही. हे विचारायला अक्कल लागत नाही म्हणता? मग सहा वर्षांत लेखकाला का सुचलं नाही?

आणि ‘मॅडम’. तुम्ही पुरुष परीक्षकाला असं लिहिलं असतं का, याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या.

कष्टांचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसायचं, हे मला पटत नाही आणि त्याला कारण आहे. माझे वडील खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर होते. बोलताना अडखळायचे. शब्द अडला की खडू टेबलावर दोनदा टकटक करायचे, मग पुढचा शब्द सुटायचा. मुलं तोवर थांबायची, कुणी हसायचं नाही. ते गेल्यावर त्यांच्या एका विद्यार्थ्याने प्रेमाने, पदरचेच पैसे घालून त्यांचं चरित्र छापलं. त्यात बाबांची ‘अस्खलित वाणी’ आहे आणि दीड-दीड पानांची भाषणं आहेत, अवतरणचिन्हांसकट. तो खडू कुठेच नाही. एका साप्ताहिकात वाहवा झाली. सगळ्यांनी कष्टांचा मान ठेवला. आज माझी भाचरं त्या पुस्तकातली वाक्यं ‘आजोबा म्हणायचे’ म्हणून सांगतात. मी ‘ते असं बोलले नाहीत’ म्हटलं तर पुस्तक आणून दाखवतात.

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपण लिहिणारे-वाचणारे एकमेकांना ओळखतो. त्यामुळे आपल्याकडचं परीक्षण म्हणजे प्रकाशन समारंभातलं दुसरं भाषण झालं आहे. चरित्रकाराला मी उद्या बाजारात भेटेन, तो मला चार शब्द सुनावू शकतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो १९०५ साली हुबळीत प्लेगने गेला. त्याची बाजू परीक्षकाने नाही तर कुणी घ्यायची?

सुनीतांची प्रकरणं ठीक आहेत. मराठीतलं पहिलं सुनीत केशवसुतांनी १८९२ साली लिहिलं, हे सांगायला साठ पानं लागत नाहीत. त्यावर याहून जास्त लिहावंसं मला वाटलं नाही. मी ओळखीपाळखी बघून लिहिते, हा आरोप तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही.

तुमची लेखकाशी ओळख आहे असं तुम्हीच लिहिलंत. मग एवढं करा. पान १८७ वर हुबळीतल्या शेवटच्या रात्री केशवसुत पत्नीशी बोलताना दाखवले आहेत, नऊ ओळी, अवतरणचिन्हांत. खाली टीप नाही, मागे संदर्भ नाही. हे बोलणं कुणी ऐकलं, कुणी लिहून ठेवलं, ते त्यांना विचारा. पत्र, आठवण, काहीही असेल तर कळवा, मी इथेच छापीन आणि माझं परीक्षण मागे घेईन.